ज्याचं माप त्याच्या कापडात

आमच्या चुलीपाशी पत्र्याचा एक मोठा डबा आहे. त्यात चहापत्तीची पुडी, साखरीची बरणी, गाळणी, अन अद्रक कुटाचा लहानसा गोटा. चार जागच्या चार वस्तू एका डब्यात. तो नसीमनं लावला होता. ती गाव सोडून गेली त्याले आता दोन उन्हाळे झाले. माही सून वनिता दिवाळीले सारं घर उलथंपालथं करते, पण त्या डब्यातली वस्तू दुसरीकडं नाई ठेवत. तोंडानं मात्र नसीमचं नाव नाई घेत.

म्हून मीच सांगतो. मी दुसरीपर्यंत शाळेत गेली, मंग ढोरामागं लागली. जसं ध्यानात आहे तसं सांगतो.

नसीम चंद्रपूरची. बाप टेलर. तिशीच्या आतबाहेरची असन, काडीसारखी बारीक, चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. एक संस्था आमच्या इकडच्या गावाईत रगत तपासे, तिचं कम्प्युटरचं काम नसीमपाशी होतं. ते काम म्हणे चंद्रपूरच्या हापिसात बसूनही होते. पण हिचं म्हणणं असं का, ज्याईचे नावं लिहितो त्याईचे तोंडं पाह्यल्याबिगर हात नाई चालत. म्हून ती आमच्या गावात आली. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाच्या कडेले आमचं गाव. ओसरीच्या बाजूची खोली आम्ही तिले दिली.

पह्यल्याच दिवशी ती वनिताले चहा करताना पाहात बसली. पत्ती फळीवर, साखर मुंग्याईच्या भेवानं कोठीच्या मागं, गाळणी खिळ्याले. म्हणे, एका चहासाठी घरभर चार चकरा काऊन मारता वहिनी? दुसऱ्या दिवशी बाजारातून डबा घेऊन आली. चहाचं सारं चहापाशी. वनितानं नाक मुरडलं, पण आठ दिवसात तिलेच त्याची सवय झाली. बुढा म्हणे, ही पोरगी इथी वर्षभर राह्यली तं मलेही एखाद्या डब्यात ठेवीन.

बुढा मतलब माहा मालक. त्याईचं नाव मी घेत नाई. आमच्या वेळच्या बाया नाई घेत. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेवढंच.

नसीमले एक सवय होती. काही ध्यानात ठेवाचं असलं का ओढणीच्या टोकाले गाठ मारे. काम झालं का सोडे. एवढी शिकलेली, पुढ्यात कम्प्युटर, अन ध्यान ठेवाले ओढणी. सांजच्याले ओढणी मोकळी असली का खुश राहे, दोन-तीन गाठी बाकी असल्या का जेवाले उशीर. माही नातीन मोनाली तेव्हा आठवीत होती. ती मागून जाऊन हळूच एक गाठ सोडून दे. मंग नसीम आंगनभर फिरे, मी काय विसरली, मी काय विसरली करत. मोनाली कोठीआड तोंड दाबून हासे. सापडली का नसीम तिच्या वेणीलेच गाठ मारे. म्हणे, आता तूच माहं ध्यान ठेव.

ते दोघी सांजच्याले ओसरीवर बसत. मोनाली टायपिंग शिके. तिचे हातपाय हिवाळ्यात दुखत. आम्ही म्हणो, वाढीचं अंग आहे. मी मोहाच्या तेलानं चोळून दे.

आमच्या इकडं रगताचा एक आजार आहे, सिकलसेल म्हणते त्याले. दोन रगतं भेटून तो लेकराईत उतरते. ज्याच्यात काही नाई त्याले पांढरं कार्ड. ज्याच्यात अर्धा आहे त्याले पिवळं, त्याले स्वतःले काही होत नाई. ज्याच्यात पूर्ण आहे त्याले लाल. लाल कार्डाच्या माणसाले जपा लागते. गोळी रोजची, अन ताप नाई तं अंगदुखी आली का घरी ठेवाचं नाई, सरळ मोठ्या दवाखान्यात न्याचं. ते कार्डं नसीमच्या कम्प्युटरातून निघत.

त्या उन्हाळ्यात ती आमच्यासंग तेंदूपानं तोडाले आली. पानं घरी आणून सावलीत पुडे बांधून राह्यलो होतो. एका पुड्यात सत्तर पानं, सालीच्या दोरीनं बांधाचे. तिचा एक पुडा छासष्टचा तं एक पंचाहत्तरचा. बुढ्यानं तिचे सारे पुडे सोडले अन पुन्हा मोजाले लावले. तिनं विचारलं, आजोबा, सारे पानं सुटेच नेऊन ठेकेदार पानं विकत घेते त्या फळीवर मोजले तं? बुढा म्हणे, "सुटं पान वाऱ्याचं. बांधलं का आपलं."

हे तिले लगित आवडलं. तिनं मंग तिच्या बापाचं सांगतलं. तिचा बाप गिऱ्हाईकाचं कापड घेतलं का मापाचा कागद त्याच कापडाच्या घडीत ठेवे, बटनं त्याच्यातच, दोराही त्याच्यातच, अन वरून चिंधीनं बांधे. म्हणे, "जिसका माप, उसी के कपडे में." त्याच गल्लीत दुसरा टेलर होता, तो मापं वहीत लिहे अन कापडं कपाटात ठेवे. एका ईदेले त्यानं पोट सुटलेल्या गिऱ्हाईकाचा कुर्ता एका किरकोळ मास्तरच्या मापानं शिवला. नसीम ते सांगताना स्वतःच इतकी हासली का चष्मा पानात पडला.

मी विचारलं, मंग तू कम्प्युटरात कसं ठेवतं? तिनं जमिनीवर पानं मांडून दाखवलं. तीन पंगती. एका पंगतीत गावातले नावं. दुसऱ्या पंगतीत वय. तिसऱ्या पंगतीत रगत, ते चंद्रपूरहून तपासून वेगळं येते. पह्यल्या नावाचं पह्यलं वय, पह्यलं रगत. दुसऱ्याचं दुसरं. मी पाहात राह्यली. मी म्हणलं, पोरी, एखादा पंगतीतून मधातूनच उठला, अन बाकीचे सरकून बसले तं? कोणाच्या पुढ्यात कोणाचं पान येईन?

ती म्हणे, "कोणी नाई उठत आजी, मी उभी आहो ना वाढाले." तिले माईत होतं का हे पुड्यासारखं बांधाले पायजे. पण बांधाले वेळ लागते, अन कार्डं पावसाच्या आंधी घरोघरी द्याचे होते. म्हणे, एकदा कार्डं वाटून होऊ द्या, मंग सारं सोडून नव्यानं बांधतो. अन ओढणीले गाठ मारली.

त्याच उन्हाळ्यात बुढा गेला. रगत देऊन पंधरा दिवसही झाले नवते. मोहाखाली टेकून बसले होते. मी पाणी घेऊन गेली, तं नवते.

तेरवी व्हाची होती तेव्हाच कार्डं वाटाचा दिवस आला. शाळेच्या वरांड्यात टेबल मांडला, बाजूले कार्ड छापाची लहान मशीन. संस्थेचा एक भाऊ एक-एक नाव पुकारे, नसीम कार्ड काढून दे. आमच्या घराची पाळी आली. अन त्या भाऊनं पुकारलं ते बुढ्याचं नाव. जोरात पुकारलं. कोणी उठलं नाई, म्हून दुसऱ्यांदा पुकारलं.

आमच्यात मेलेल्याचं नाव जित्या माणसाईत पुकारत नाई. जुने लोक म्हणते, त्याले पंगतीत हाक माराल तं तो उठून येते, अन वापस जाताना एकटा नाई जात. मी टेबलापाशी गेली. मी कधी मोठ्यानं बोलत नाई, त्या दिवशी बोलली.

"हे नाव काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

नसीमचे डोळे भरले. तिनं ओढणीले गाठ नाई मारली. तिथीच, माह्या देखत, नाव काढलं. मंग कार्डं निघाले. मले पिवळं. माहा पोरगा मधुकर, त्याले पांढरं. वनिताले पिवळं. मोनालीले पिवळं. आमच्या बाजूची निर्मला, तिले लाल. निर्मला तिथीच रडली. आम्ही तिले पाणी दिलं. मी मनात म्हणलं, देवा, आमचं घर वाचलं.

साऱ्या गावाचे कार्डं झाले तेव्हा शेवटी एक रगत उरलं, त्याले नावच नाई. नसीम म्हणे, हे आजोबाचं. ते तं नाई राह्यले, मंग त्याईचं उरणारच. तिनं ते बाजूले ठेवलं. कोणालेच काही वाटलं नाई.

त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मोनालीले ताप आला. अंग असं दुखे का हात लावू दे नाई. नसीम तेव्हा भामरागडच्या गावाईत कामाले गेली होती, पाण्यानं तिकडचा रस्ता बंद होता. मधुकर मोनालीले जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथी कार्ड मागतलं. पिवळं पाह्यलं. म्हणे, अर्धाच आहे, याच्यानं काही होत नाई, हा पावसाचा ताप आहे. दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिले दम लागला. चंद्रपूरच्या वाटेवर गाडीतच, वनिताच्या मांडीवर.

मी जास्त नाई सांगत. नवीन गणवेशाचं कापड आणून ठेवलं होतं. ते अजून आहे.

नसीम आली ते तिसऱ्या दिवशी. पाय चिखलानं भरलेले. वनितानं तिच्याच गळ्यात पडून रडून घेतलं. तेव्हा कोणाले काही माईत नवतं.

मंग दिवाळीनंतर निर्मलाचं ऑपरेशन निघालं. चंद्रपूरले तिचं रगत पुन्हा तपासलं, तं काहीच नाई. पांढरं. दीड वर्ष ती गोळ्या खाऊन राह्यली होती. ती वापस आली अन आमच्या आंगनात उभी राहून नसीमले बोलली. तुह्या मशीनले सांग, मले उगीच बिमार केलं होतं तिनं. बोलून-बोलून ती हासालेही लागली, बला टळली होती ना तिची.

नसीम नाई हासली. खोलीत गेली. दोन दिवस तिनं चंद्रपूरहून आलेले जुने कागदं अन कम्प्युटर घेऊन दार लावून काढले. वनिता जेवण ठेवे, ते तसंच राहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आंगनात सुपात लाखोरी पाखडून राह्यली होती. ती आली. बाजेवर नाई बसली, माह्यापुढं खाली मातीत बसली.

"आजी, मोनालीचं कार्ड चुकलं होतं. चूक माही आहे."

मशीनची आहे म्हणली असती तं आम्ही मानलं असतं. आम्हाले काय समजते मशीनीतलं. तिनं तसं म्हणलं नाई.

मी पाखडत राह्यली. मी विचारलं, "लाल होतं?"

"हो."

मंग तिनं सांगतलं. का यादीतून एक नाव काढलं, त्याचं वय काढलं, पण रगताची पंगत वेगळी होती, तिच्यातलं काढलं नाई. म्हून त्याच्या खालच्या साऱ्याईचं रगत एक-एक जागा सरकलं. मोनालीच्या पुढ्यात वनिताचं आलं. मोनालीचं निर्मलापुढं गेलं. शेवटी उरलं ते आजोबाचं नवतंच, यादीतल्या शेवटच्या माणसाचं होतं. मी बापाचं ऐकलं असतं तं, म्हणे. मले माईत होतं आजी, मले माईत नवतं असं नाई.

कोणाचं नाव काढलं, ते तिनं सांगतलं नाई. "एक नाव" म्हणली. मीही तेव्हा विचारलं नाई. माह्या कानात फक्त लाल राह्यलं होतं.

वनिता दारात उभी होती. तिनं सारं ऐकलं. आत गेली अन आतून कडी लावली. मधुकर वावरातून आला तेव्हा त्याले नसीमनं स्वतःच सांगतलं, उभ्यानं. तो खोलीत गेला, तिची पेटी उचलली, आणून आंगनाच्या बाहेर ठेवली. फेकली नाई. हळू ठेवली. मंग तिची गादी. मंग चपला, दोन्ही बरोबर जोडून.

गाव म्हणे ती आता राह्यते कशाची, उद्या पळन. ती पळाली नाई. शाळेमागच्या रिकाम्या खोलीत राह्यली. घरोघरी गेली, साऱ्याईचं रगत पुन्हा घेतलं. कोणी दार लावलं तं बाहेर बसून राहे. कोणी शिव्या दिल्या तं ऐकून घे, मंग म्हणे, आता हात द्या. रोजे चालू होते तरी फिरे, उन्हात. अन कम्प्युटरातलं सारं सोडून नव्यानं बांधलं. सरपंचाच्या ओट्यावर तिनं गावाले सांगतलं. आता पंगती नाई. आता एका माणसाचा एक पुडा. नाव, वय, माय-बाप, रगत, सारं त्याच्याच पुड्यात. कोणाले हलवलं तं सारं त्याच्यासंगच हलन. एकाचं दुसऱ्याले जाणार नाई. एवढं सांगून ती बसली. मांगून कोणीतरी म्हणे, हे आंधी काऊन नाई केलं? तिनं मान खाली घातली. त्याले तिच्यापाशी उत्तर होतं, पण दिलं नाई.

मंग ती जुने कार्डं वापस घ्याले फिरली. नवे दे, जुने घे. मी दारात बसून पाहून राह्यली होती. वरच्या आळीतल्या कोणाचंच कार्ड तिनं मागतलं नाई, त्याईचे बरोबर होते. आमच्या घरापासून खाली मात्र साऱ्याईचे मागतले. मी जिंदगीभर पुडे बांधले. कोणत्या पानापासून मोजणं चुकलं, ते मले समजते. चुकणं आमच्या घरापासून सुरू झालं होतं. आमच्या घरात पह्यलं नाव कोणाचं होतं?

माह्या हातातल्या पिवळ्या कार्डावर माहं रगत नवतं. त्याईचं होतं. बुढ्याचं. माहं तं पांढरं. अन ते नाव कोणी काढाले लावलं होतं, तेही मले समजलं.

मी कार्ड वापस दिलं नाई. हरवलं म्हणून सांगतलं. नसीमनं माह्याकडं पाह्यलं अन पुढच्या घरी गेली. तिच्या ओढणीले एक गाठ होती. त्या दिवशीही होती, त्याच्या आंधीही होती. धुऊन-धुऊन खड्यासारखी झालेली. मोनाली गेली त्यानंतरची. ती कधी सुटलेली मी पाह्यली नाई.

उन्हाळ्यात तिच्या बापाची नजर गेली म्हणून निरोप आला. सुईत दोरा जाऊन नाई राह्यला. ती काम दुसऱ्याच्या हाती देऊन चंद्रपूरले जाले निघाली होती. मी काठी घेतली अन बसथांब्यावर गेली. ती एकटीच बसली होती, पेटीवर. मले पाहून उठली. मी तिच्या बाजूले पेटीवरच बसली.

बटव्यातून ते पिवळं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

"हे माहं नाई. ज्याचं आहे त्याच्यापाशी ठेव."

ती कार्डाकडं पाहात राह्यली. "कोणाचं आहे, आजी?"

तिले माईत होतं. एवढे महिने तिनं ते नाव तोंडातून काढलं नवतं, मले समजू नये म्हणून. आता मले किती समजलं, ते तिले पाहाचं होतं.

मी म्हणलं, "लहानू."

उखाण्यानंतर दुसऱ्यांदा घेतलं. तोंडाले सवयच नवती, सुकलेल्या पानासारखं निघालं.

"अन काढाले मीच लावलं होतं," मी म्हणलं.

"नाई आजी. तुमी नाव काढा म्हणल्या. पूर्ण माणूस उचलाले पायजे होता, ते माहं काम होतं."

"तू माहं ऐकलं म्हून झालं."

"अर्धंच ऐकलं."

मंग तिनं मांडीवर कम्प्युटर उघडला. लहानूचा नवा पुडा बांधला. नाव. वय. पिवळं. बायको म्हणून मी. खाली लिहिलं, वारले. मले दाखवलं. आमच्या घराचे सारे पुडे एकाखाली एक होते. मले अक्षरं हळूहळू लागते. मी बोट ठेवून वाचलं. मो, ना, ली. तिच्याही खाली तेच लिहिलं होतं. तिचं लाल तिच्याचपाशी होतं.

"काढलं नाई तू तिले," मी म्हणलं.

"आता कोणालेच काढत नाई."

बस आली. पेटी वर चढवाले मी हात लावला, तिनं लावू दिला. ती खिडकीपाशी बसली. मी खाली उभी. मी हात वर करून तिच्या ओढणीचं टोक धरलं अन ती गाठ सोडाले पाह्यलं. नखं लावले. नाई सुटली. माहे हात आता तसे नाई राह्यले, अन गाठ लगित जुनी होती. कंडक्टरनं घंटी वाजवली.

ती म्हणे, "राहू द्या, आजी."

तिनं टोक माह्या हातातून घेतलं अन मुठीत धरलं. बस मोहाच्या झाडामागं वळली तोवर तिची मूठ खिडकीवर दिसत होती.